पाठीचे दुखणे आणि दाखल्यावरचे दोन रकाने

वैद्यकीय दाखल्याला आपल्याकडे दोनच अवस्था ठाऊक आहेत. माणूस एक तर कामास योग्य असतो किंवा कामास अयोग्य असतो. अयोग्य ठरला की त्याने घरी पडून राहावे, योग्य ठरला की त्याने मस्टरवर सही करून इतरांइतकेच काम करावे, अशी ही सुटसुटीत विभागणी आहे. विषमज्वर, कावीळ, मोडलेले हाड अशा दुखण्यांना ती बरोबर लागू पडते. कारण या दुखण्यांना आरंभ असतो आणि शेवटही असतो. परंतु ज्या दुखण्याला शेवट नाही आणि जे माणसाला पुरते अंथरुणालाही खिळवत नाही, त्याचे काय करायचे, याचे उत्तर या दोन रकान्यांत सापडत नाही. कायमची पाठदुखी हे अशा दुखण्यांपैकी सर्वांत मोठे दुखणे होय.

त्याचा पसारा किती मोठा आहे, याची कल्पना क्वचितच कोणाला असते. जगभरच्या आजारांचा हिशेब ठेवणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या अभ्यासाचे कंबरदुखीविषयीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार 2020 साली जगात 61 कोटी 90 लाख माणसे कंबरदुखीने ग्रासलेली होती आणि 2050 साली हा आकडा 84 कोटी 30 लाखांवर जाईल असा अंदाज आहे. माणसाला जी वर्षे जिवंतपणी पण अक्षमतेत काढावी लागतात, त्या वर्षांच्या कारणांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. हृदयविकार आणि कर्करोग माणसाला मारतात, म्हणून त्यांची दखल घेतली जाते. कंबरदुखी कोणाला मारत नाही. बहुधा म्हणूनच ती कोणाच्या खिजगणतीत नसते.

एका मणक्याची कहाणी

या कंबरदुखीपैकी बहुतेक, म्हणजे सुमारे नव्वद टक्के दुखण्यांच्या मागे बोट ठेवता येईल असे एकच एक शारीरिक कारण सापडत नाही. ज्यांच्या बाबतीत ते सापडते, त्यांचे तरी प्रश्न सुटतात काय, हे पाहण्यासाठी कण्याच्या एका जन्मजात वैगुण्याचे उदाहरण बोलके ठरेल.

माणसाच्या कमरेत सामान्यतः पाच मणके असतात आणि त्यांच्या खाली, पाच मणके एकजीव होऊन बनलेले त्रिकास्थी नावाचे हाड असते. काही माणसांत या दोहोंमधली सीमारेषा जन्मतःच पुसट असते. कमरेच्या शेवटच्या मणक्याचा आडवा पंख वाजवीपेक्षा रुंद होतो आणि एका किंवा दोन्ही बाजूंनी खालच्या हाडाला जाऊन टेकतो. कधी त्याच्याशी खोटा सांधा तयार करतो, तर कधी त्याच्याशी एकरूपच होऊन जातो. मारिओ बर्टोलोट्टी या इटालियन वैद्याने 1917 साली या वैगुण्याचा आणि कंबरदुखीचा संबंध प्रथम मांडला, म्हणून या दुखण्याला त्याचे नाव मिळाले. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. त्यापूर्वी जिवंत माणसाच्या कण्यात असे काही पाहणेच शक्य नव्हते.

याने दुखते का, तेही समजण्यासारखे आहे. खोटा सांधा एकाच बाजूला असला, तर कमरेची हालचाल दोन्ही बाजूंना सारखी होत नाही. बिजागरी एका अंगाला गंजली की दाराचा सगळा भार दुसरीवर पडावा, तसे होते. जी हालचाल खालच्या जोडात व्हावयाची ती होत नाही, म्हणून वरच्या मणक्यांमधल्या गादीवर जादा ताण पडतो आणि ती लवकर झिजते. खोटा सांधा स्वतःही दुखू शकतो. कधी मज्जातंतू दाबला जाऊन कळ पायात उतरते. जन्मापासून असलेले हे वैगुण्य लहानपणी बहुधा जाणवत नाही. तरुणपणी, म्हणजे नेमके कमावण्याच्या वयात ते डोके वर काढते.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. असा मणका किती जणांना असतो, याची निरनिराळ्या पाहण्यांतली उत्तरे चार टक्क्यांपासून तीस टक्क्यांच्याही वर गेलेली आहेत. कारण कशाला वैगुण्य म्हणायचे याबद्दलच मतभेद आहेत. शिवाय ज्यांना असा मणका असतो त्यांतल्या अनेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. त्यामुळे क्ष-किरणाच्या अहवालात ‘पाचव्या मणक्याचे सॅक्रलायझेशन’ अशी एक ओळ लिहिलेली असते, एक डॉक्टर तीवर बोट ठेवून हेच दुखण्याचे मूळ असे सांगतो, आणि दुसरा ती वाचून हे तर कित्येकांना असते म्हणून कागद बाजूला सारतो. दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवण्यासाठी त्या खोट्या सांध्यात बधिरतेचे औषध टोचून कळ थांबते का, ते पाहावे लागते. तेवढ्या खोलात जाण्याची सोय आणि सवड फार थोड्या रुग्णांच्या वाट्याला येते. बाकीचे वर्षानुवर्षे कंबरपट्टा, शेक, मलम आणि वेदनाशामक गोळ्या यांवर दिवस काढतात.

चित्र खरे की माणूस खरा?

येथेच या दुखण्याचा सामाजिक पेच सुरू होतो. वेदना ही मोजता येत नाही. ताप थर्मामीटरवर दिसतो, रक्तदाबाला आकडा असतो, मधुमेहाला रक्ताची तपासणी असते. कळीला आकडा नाही. म्हणून कचेरी, संस्थाचालक आणि पुष्कळदा घरची माणसेदेखील चित्राकडे धाव घेतात. एमआरआयमध्ये काही निघाले तर दुखणे खरे, नाही तर सोंग.

हा न्याय शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा लोकांच्या कण्यांच्या चित्रांचा एकत्रित अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीच्या वयातल्या 96 टक्के निरोगी माणसांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे चित्रात बिघाड असूनही माणूस ठणठणीत असू शकतो. आणि उलटपक्षी चित्र निर्दोष असूनही माणूस कळांनी हैराण असू शकतो. चित्र हा डॉक्टरच्या विचाराला मदत करणारा पुरावा आहे. माणसाच्या सचोटीचा तो दाखला नव्हे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्यासोबतच्या टिपांत माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, असे मुद्दाम नमूद केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 2022 च्या आरंभी अमलात आले, दीर्घकाळच्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. तीन महिन्यांपलीकडे टिकलेली वेदना ही केवळ दुसऱ्या कशाचे तरी लक्षण नसून स्वतःच एक दुखणे असू शकते, हे वैद्यकाने आता मान्य केले आहे.

समाजाच्या मनाला मात्र ते अजून पटलेले नाही. त्याला आपली भाषाही काही अंशी कारणीभूत असावी. ज्याला बाणा आहे तो ताठ कण्याचा, जो लाचार तो कणा नसलेला. उद्योगी माणूस कंबर कसतो, भित्रा पाठ दाखवतो. पाठ आणि कंबर यांना आपण शीलाचे अवयव करून ठेवले आहे. साहजिकच ज्याची पाठ दुखते त्याच्याविषयी मनात कोठे तरी शंका उभी राहते, आणि ती शंका त्यालाही कळते.

या दुखण्याचा स्वभावही त्या शंकेला खतपाणी घालतो. ते रोज सारखे नसते. रविवारी जो शिक्षक बाजारातून पिशवी घेऊन येताना दिसतो, त्यालाच सोमवारी फळ्यासमोर सलग दोन तास उभे राहणे अशक्य होते. सकाळी व्यवस्थित चालणारा कारकून चार तास खुर्चीत बसला की उठताना टेबलाला धरून उभा राहतो. पाहणाऱ्याला यात विसंगती दिसते. वस्तुतः दुखणेच तसे आहे. बसल्याने वाढते, फिरल्याने कमी होते. एका दिवसाच्या धावपळीची किंमत दुसऱ्या दिवशी वसूल करते. पण हे दर वेळी दर माणसाला समजावून सांगणे अपमानाचे वाटते, म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. बढतीबरोबर बदली आली तर बढती नाकारतात आणि कारण घरगुती अडचणीचे देतात. स्त्रियांच्या बाबतीत तर कचेरीतले आठ तास संपले की ओट्यापाशी उभे राहण्याची दुसरी पाळी सुरू होते, आणि तेथे रजेचा अर्जही कोणाकडे करता येत नाही.

हिशेबात न येणारा खर्च

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा खर्च मोठा आहे. पण तो चुकीच्या वहीत लिहिला जातो, किंवा लिहिलाच जात नाही. कंबरदुखीमुळे बस सोडून रिक्षा करावी लागली, तर ते भाडे राष्ट्रीय उत्पन्नात भर म्हणून जमा होते. पट्टा, गोळ्या, तपासण्या यांचीही तीच गत. परंतु नाकारलेली बढती, सोडून दिलेली शिकवणी, अर्धवट राहिलेला प्रबंध आणि वेदनेत काढलेले कामाचे तास यांची नोंद कोणत्याच खतावणीत नसते. मस्टर फक्त हजेरी जाणते. माणूस हजर होता एवढेच त्यावरून कळते. कोणत्या अवस्थेत हजर होता आणि थोड्याशा सोयीने तो किती अधिक काम करू शकला असता, हे त्यावरून कळत नाही.

रजेचे नियम या प्रश्नाला हात घालतात, पण भलत्या टोकाने. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे कर्मचाऱ्याला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला 20 दिवसांची अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून घेतली तर पूर्ण पगाराचे 10 दिवस होतात. नैमित्तिक रजा वर्षाला 8 दिवसांची. हे आकडे तुटपुंजे आहेत अशी तक्रार करता येईल. परंतु खरा प्रश्न रजेच्या लांबीचा नसून तिच्या आकाराचा आहे. या दुखण्याला सलग तीन आठवडे नको असतात. त्याला कधी अर्धा दिवस हवा असतो, कधी तासाभराने पाच मिनिटे उभे राहण्याची मुभा हवी असते, कधी तिसऱ्या मजल्याऐवजी तळमजल्यावरचा वर्ग हवा असतो. आजारपणाच्या रजेवरून परतताना मात्र दाखला लागतो तो कामास योग्य झाल्याचा. डॉक्टर तो देतो, कारण न देऊन चालत नाही. कर्मचारी तो हजर करतो, कारण पगार अडतो. आणि कचेरी तो दप्तरी लावते. या तिघांनाही ठाऊक असते की त्या कागदावरचे विधान पूर्ण खरे नाही. आदल्या दाखल्यातले ‘कामास अयोग्य’ हे विधानही तितकेच अपुरे होते.

ही दोन रकान्यांची व्यवस्था केवळ अनुदार आहे असे नव्हे, तर ती वैद्यकशास्त्राच्याही विरुद्ध आहे. एके काळी पाठदुखीवर महिनाभर लाकडी फळीवर झोपून राहण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. आज तो जुना झाला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये ज्या दीर्घकाळच्या कंबरदुखीला ठराविक कारण सापडत नाही तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम, दुखण्याची नीट माहिती आणि मानसोपचार यांवर भर आहे. कंबरपट्टा, वजन लावून कमर ताणण्याचा उपचार आणि अफूवर्गातली वेदनाशामके यांचा सरसकट वापर करू नये, असे त्यांत म्हटले आहे. मणक्याच्या जन्मजात वैगुण्यात उपचार वेगळे असू शकतात, प्रसंगी शस्त्रक्रियाही करावी लागते. तथापि झेपेल तितके हिंडते-फिरते राहावे, हे तत्त्व बहुतेकांना तेथेही लागू आहे. ज्याने हळूहळू काम करत राहावे असे वैद्यक सांगते, त्याला आपले नियम सांगतात की पूर्ण काम कर, नाही तर पूर्ण पडून राहा.

कायदा काय म्हणतो?

कायदा या बाबतीत नियमांच्या पुढे गेला आहे, हे फारसे कोणाला माहीत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने दिव्यांगतेचे प्रकार 7 वरून 21 केले. त्यांत दीर्घकाळच्या वेदनेचे नाव नाही, आणि आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगतेची अट आहे. ज्याचा सांगाडा सरळ दिसतो आणि सांधे हलतात, त्याला चाळीस टक्क्यांचा उंबरठा ओलांडणे कठीण. येथवरचे वाचून पुष्कळ जण कायद्याचा नाद सोडून देतात.

परंतु त्याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची जी मूळ व्याख्या आहे, तिच्यात टक्केवारी नाही. दीर्घकाळचे वैगुण्य आणि भोवतालचे अडथळे यांच्या संयोगाने ज्याच्या समाजातील सहभागाला बाध येतो, तो दिव्यांग, असा तिचा आशय आहे. आणि अशा कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोयी करून देण्याचे बंधन कायद्याने सरकारी आस्थापनांवर घातले आहे. मालकावर अवाजवी बोजा पडू नये, एवढीच त्याला मर्यादा. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराने केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हाच भेद स्पष्ट केला. लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांची पायरी गाठणाऱ्यांपुरतीच मर्यादित ठेवता येणार नाही, वाजवी सोयीचा हक्क त्याहून व्यापक आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. तो पेटके येणाऱ्या हाताबद्दलचा होता. कळा येणाऱ्या कमरेला त्याच तर्काचा आधार का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर देणे कोणत्याही कचेरीला अवघड जाईल.

तिसरा रकाना

तेव्हा गरज आहे ती नव्या सवलतींच्या यादीची नव्हे, तर दाखल्यावरच्या तिसऱ्या रकान्याची. ब्रिटनने एप्रिल 2010 मध्ये आजारपणाच्या दाखल्याचा नमुना बदलला. ‘कामास अयोग्य’ या पर्यायाशेजारी ‘पुढील सोयी केल्यास कामास योग्य’ असा दुसरा पर्याय त्यात आला आणि चार सोयींचे चौकोनही छापले गेले : टप्प्याटप्प्याने रुजू होणे, कामाच्या वेळा बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे आणि कामाच्या जागेत फेरफार करणे. हा प्रयोग पूर्ण यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. तेथेही नव्वद टक्क्यांहून अधिक दाखल्यांवर ‘अयोग्य’ हीच खूण होते. घाईतल्या डॉक्टरला रुग्णाच्या कामाची माहिती नसते आणि मालकाला सूचना पाळण्याची सक्ती नसते. त्यातून घ्यायचा धडा असा की केवळ छापील चौकोन पुरेसा नाही. रुग्णाचे काम कसले आहे हे त्याच कागदावर लिहिलेले असावे, आणि सुचवलेली सोय नाकारायची असेल तर कचेरीने तिची कारणे लेखी द्यावीत. कायद्यातले वाजवी सोयीचे तत्त्व पाहता ही मागणी अवास्तव नाही.

याला दोन आक्षेप घेतले जातील. पहिला गैरवापराचा. कामचुकार माणसे पाठदुखीचा बहाणा करतील, हे खरे. परंतु ती आजही करतात, आणि दोन रकान्यांची व्यवस्था त्यांना सोयीचीच आहे, कारण तिच्यात सबंध दिवसाची सुटी मिळते. उभे राहून काम करता येईल असे टेबल किंवा तळमजल्यावरचा वर्ग मिळवण्यासाठी सोंग करण्यात कोणाचा फारसा लाभ नाही. ज्याला काम टाळायचे आहे तो रजा मागतो. सोय मागतो तो ज्याला काम करायचे आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पाठीला आधार देणारी खुर्ची, वेळापत्रकातला बदल, निवडणुकीच्या वा जनगणनेच्या कामात दगदगीऐवजी बैठे काम, यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, विचार लागतो. केरळमध्ये कापडदुकानांतल्या स्त्रियांनी दिवसभर उभे राहण्याविरुद्ध लढा दिला, आणि 2018 साली तेथील दुकानांविषयीच्या कायद्यात बसण्याच्या सोयीची तरतूद झाली. तामिळनाडूनेही 2021 साली तसाच कायदा केला. खुर्चीसारख्या साध्या वस्तूसाठी कायदा करावा लागला, हे भूषणावह नाही. पण त्यामुळे दुकाने बुडाली असेही कोठे ऐकिवात नाही.

पाठीवर मारावे पण पोटावर मारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ज्यांची पाठच दुखते त्यांच्या बाबतीत हे दोन प्रहार वेगळे राहत नाहीत. पाठीवरचा घाव पोटावर उतरतो. निदान तो उतरू नये इतपत व्यवस्था करणे सरकारच्या, संस्थांच्या आणि कर्मचारी संघटनांच्या आवाक्यात आहे. महागाई भत्त्याच्या मागणीसाठी मोर्चे काढणाऱ्या संघटनांनी दाखल्याचा सुधारलेला नमुना हीदेखील एक मागणी म्हणून आपल्या यादीत घालावी. शाळा-महाविद्यालयांच्या प्रमुखांना तर शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही. जूनमध्ये वेळापत्रक करताना, कोणाला जिना चढणे आणि सलग तास घेणे कठीण जाते, एवढे विचारून घेणे त्यांच्या अधिकारात आजही आहे. विचारण्याने दुखणे बरे होणार नाही. पण ते लपवण्यासाठी जी शक्ती खर्च होते, ती तरी वर्गाच्या कामी येईल.